देठाचं माप

वॉशरकाकांना जगातली एकच गोष्ट मनापासून पटलेली होती: पाइप जितका जाड, तितकं पाणी जास्त. बाकी सगळं जग त्यांनी या एका वाक्यात कोंबून बसवलं होतं. कुणाचा मुलगा परीक्षेत आपटला की काका म्हणत, टाकी भरलेली आहे हो पोराची, पाइप बारीक आहे, बाहेर यायला वेळ लागणारच. कुणाचं लग्न जमत नसेल, तर कुठेतरी हवा अडकली असणार. आणि घरात, दारात, देशात कुठेही काही बिघडलं की त्यांचं पहिलं निदान ठरलेलं होतं, वॉशर गेलाय. म्हणून ते वॉशरकाका. त्यांचं खरं नाव काकूंना ठाऊक होतं, पण त्याही ते फक्त बँकेत वापरत.

चाळीसेक वर्षं लोकांचे नळ दुरुस्त करून काकांनी काम सोडलं आणि भोपळे लावायला घेतले. साधे नव्हेत. दोन माणसांनी कवेत घ्यायचं म्हटलं तरी हात पुरणार नाहीत असे राक्षसी भोपळे. पाण्याच्या जुन्या टाकीमागे उतारावर एक सार्वजनिक बाग होती, तिथे लोकांना एकेक वाफा दिलेला होता, आणि दरवर्षी हंगामाच्या शेवटी तिथे सगळ्यात जड भोपळ्याची स्पर्धा व्हायची. काकांचा वाफा अगदी खाली, फाटकाजवळ, सपाटीवर, नळाला खेटून. बाकीचे वाफे त्याच्या वर चढत गेलेले. वरच्या मंडळींना झाऱ्या भरभरून मातीत खणलेल्या वेड्यावाकड्या पायऱ्या चढाव्या लागत, आणि काका खाली खुर्चीत बसून नुसता नळ सोडत. हे वरच्यांच्या डोळ्यांत खुपायचं. खुपायला हवंच होतं, कारण काका नळ सोडताना मुद्दाम शीळ घालत.

त्या वर्षी बागेच्या बैठकीत अखेर ठराव झाला. बागेच्या अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर होत्या. कुणाला वेदना द्यायच्या तर त्या आधी गोड हसत. तशाच हसून त्यांनी सांगितलं की यापुढे वाफे दरवर्षी नव्याने वाटायचे. ज्याचा भोपळा सगळ्यात जड, त्याने आधी वाफा निवडायचा, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, असं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी सगळ्यात जोरात वाजवल्या, घरी आले आणि दिवाणावर मटकन बसले.

कारण काकांचा डावा गुडघा कामातून गेला होता. जन्मभर लोकांच्या सिंकखाली उकिडवं बसल्याचं ते फळ. सपाटीवर तो गुडघा कुरकुरत का होईना चालायचा, पण चढ दिसला की संप पुकारायचा. डॉक्टरांनी चढउतार साफ बंद सांगितले होते. ही गोष्ट काकूंशिवाय कुणाला माहीत नव्हती आणि काकूंना शपथ घातलेली होती. ज्या माणसाने अख्ख्या वस्तीच्या गच्च्यांवर टाक्या चढवल्या, त्याला आता चार पायऱ्या चढवत नाहीत, हे लोकांच्या तोंडून ऐकायची काकांची तयारी नव्हती. वरचा वाफा वाट्याला आला असता तर बाग सुटली असती, आणि बाग सुटली तर काय होतं ते दोघांनीही पाहिलं होतं. काम सोडल्यावर, बाग मिळण्याआधी, काका दिवसभर घरात हिंडून न गळणारे नळ आवळत सुटले होते. शेवटी स्वयंपाकघरातला नळ काकूंना दोन्ही हात लावूनही उघडेना, तेव्हा त्या बादली घेऊन शेजारी पाणी मागायला गेल्या. प्लंबरच्या घरातून पाणी मागायला आलेली बाई त्या शेजारणीने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

"तुम्हाला जिंकायलाच हवं," काकू म्हणाल्या. "नाहीतर मला दुसरं घर बघावं लागेल."

आता जिंकायचं तर हरवायचं कुणाला, हे सांगायला हवं. बागेत भोपळ्याच्या मागे खरोखर हात धुऊन लागलेली माणसं दोनच. एक काका आणि दुसरे त्यांचे साडू, म्हणजे काकूंच्या धाकट्या बहिणीचे यजमान, टेलरमास्तर. मास्तरांचा वाफा काकांच्या लगेच वर, मध्ये फक्त मातीचा बांध. आणि दोघांचं सख्य म्हणाल तर विळ्या-भोपळ्याचं.

त्याचं मूळ एका कोटात होतं. घरातल्या एका लग्नासाठी मास्तरांनी काकांना कोट शिवला. काकांनी हट्ट धरला, कोट अंगाबरोबर हवा, सुतभरही सैल नको, सैल म्हणजे गळती. मास्तरांनी नाइलाजाने तसा शिवला. लग्नाच्या दिवशी जेवण आटोपून काका आहेर द्यायला वाकले आणि कोट पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत फाटला. काका म्हणाले, माप चुकलं. मास्तर म्हणाले, माप घेतलं तेव्हा माणूस उपाशी होता. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी थेट बोलत नव्हते. एकमेकांकडे जात, एका टेबलावर जेवत, पण बोलणं सगळं बहिणींमार्फत. "ताई, यांना म्हणावं मीठ सरकवा," असं मास्तर म्हणत, काकू ते काकांना सांगत, आणि काका हाताशी असलेलं मीठ काकूंकडे देत, म्हणजे त्या ते मास्तरांना देतील.

काकांच्या पँटी मात्र उसवल्या की काकू पिशवीत घालून बहिणीकडे धाडत आणि त्या नीट होऊन परत येत. कोण शिवतं, हे काकांनी कधी विचारलं नाही. शिलाई उत्तम असायची, त्यामुळे विचारण्यात धोका होता.

हंगाम सुरू झाला. काकांच्या वेलीला दोन फळं धरली. राक्षसी भोपळा करायचा तर वेलीवर एकच फळ ठेवतात, म्हणजे सगळा रस त्यालाच मिळतो. दुसरं खुडावं लागतं. आता कोणतं ठेवायचं? काकांनी घरून पाइपांच्या पितळी जोडांचा डबा आणला आणि अर्धा इंची, पाऊण इंची, एक इंची असे जोड एकेका देठाला लावून पाहिले. एका फळाचा देठ भरून पाऊण इंची निघाला. दुसऱ्याचा जेमतेम अर्धा. काकांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला.

काकूंना मात्र बारीक देठाचं फळ आवडलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की त्याचा देठ लांब आहे, वेलीपासून कसा मोकळा, आडवा निघालाय. हा जाडा देठ आखूड आहे आणि वेलीला चिकटून बसलाय, याला हलायला जागाच नाही. काकांनी त्यांना समजावलं की देठ म्हणजे नळ आणि भोपळा म्हणजे टाकी. टाकी भरायची तर नळ जाड हवा. आणि हलायचं म्हणशील तर हलतो तो पाइप काय कामाचा? असं म्हणून त्यांनी बारीक देठाचं फळ खुडलं. काकूंनी ते मुकाट्याने पदराखाली घेतलं आणि रात्रीच्या जेवणात काकांना वाढलं. फार गोड होतं. काकांनी ते बोलून दाखवलं नाही.

बांधापलीकडे मास्तरांनी फळ ठेवलं होतं त्याचा देठ बोटाएवढा. काकांनी बांधावरून मान लांब करून पाहिलं आणि त्यांना आठवडाभर पुरेल इतका आनंद झाला. त्यांनी काकूंमार्फत निरोप धाडला की एवढ्या नळीने टाकी भरायची म्हणजे पुढच्या वर्षीची स्पर्धा धरा. उलट निरोप आला की देठाच्या जाडीने भोपळा मोठा होतो हे कुणी सांगितलं? काकांनी कळवलं, सांगायला कशाला हवं, गेल्या वर्षी आमचा देठ मनगटाएवढा होता आणि आम्ही पहिले आलो. यावर मास्तरांनी कळवलं, गेल्या वर्षी तुमचं पोटही मोठं होतं, मग काय पोटामुळे पहिले आलात?

हा निरोप काकूंनी शब्दन् शब्द पोचवला. काही निरोप त्या गाळत, पण हा त्यांना गाळवला नाही.

वाद बागभर पसरला. एक दिवस अध्यक्षबाई पाहणीला आल्या, तेव्हा काकांनी त्यांनाच पंच केलं. बाईंनी खाली वाकून दोन्ही देठ पाहिले, बोटाने हळूच हलवूनही पाहिले, आणि म्हणाल्या की दात जाड आहे म्हणून पक्का असतो असं नाही, हिरडी बघावी लागते. शिवाय निरोगी दातही किंचित हलतो बरं का. त्या गेल्यावर काका काकूंना म्हणाले, बाईंचं शिक्षण वाया गेलंय, भोपळ्याला कधी हिरडी असते का?

दिवसा जोमाने ऊन पडू लागलं आणि दोन्ही भोपळे फुगू लागले. उन्हाने साल करपू नये म्हणून काकांनी आपल्या भोपळ्यावर जुनी चादर टाकली. मास्तरांनी मात्र भोपळ्याला चक्क झबलं शिवलं. पांढरं, नाडीचं, बाजूंना शिलाईत भरपूर कापड राखलेलं. दर रविवारी ते टेप घेऊन येत, भोपळ्याचा घेर घेत, मग माथ्यावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत माप घेत, स्वतःशीच मान डोलवत आणि झबल्याची शिलाई उसवून थोडं कापड बाहेर सोडत. काकांना ते बघून हसू आवरेना. पण रविवारमागून रविवार शिलाई उसवतच राहिली, तसं ते हसू हळूहळू आवरलं.

आणि मग काकांच्या ध्यानात आलं की आपला देठ हलतोय.

झालं होतं असं, की भोपळ्याचे खांदे वर चढत होते आणि वाढता भोपळा देठाला, देठाबरोबर वेलीला, वर रेटत होता. रोज किंचित. काकांनी चाळीस वर्षं हाताखालच्या पोरांना एकच मंत्र घोकवला होता, की पाइप हलला की जोड सुटतो आणि जोड सुटला की गळती. पोरांनी तो ऐकला असेल नसेल, काकांनी मात्र आयुष्यभर पाळला. त्यांनी घरून चार लोखंडी क्लॅम्प आणले, जमिनीत खुंट्या ठोकल्या, आणि देठाच्या दोन्ही अंगांना वेल जमिनीशी अशी आवळली की जणू भिंतीवरचा पाइप. वर माती चढवून पायाने दाबली. मग लांब उभं राहून पाहिलं. आता काय बिशाद होती कुणाची हलायची. त्या दिवशी काका कितीतरी दिवसांनी शीळ घालत घरी गेले.

भोपळ्याला क्लॅम्प कळत नाही. तो वाढत राहिला.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी काका चादर काढायला गेले तर देठाच्या मुळाशी उभी भेग. चांगलं करंगळीचं टोक जाईल एवढी, आणि तिच्यातून थेंब थेंब रस ओघळत होता. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळत्या बंद केल्या, तो स्वतःच्या गळतीपुढे हातपाय गाळून उभा राहिला. मग त्यांनी जे येत होतं ते केलं. पाइपच्या सांध्यांना गुंडाळायची पांढरी टेप आणली आणि देठाला गुंडाळली. रस टेपेखालून आला. त्यांनी आणखी गुंडाळली. रस आणखी खालून आला. शेवटी देठ दुखऱ्या अंगठ्यासारखा पांढरा आणि टम्म दिसायला लागला. काका खुर्चीत बसले. गुडघ्यावर हात ठेवून ते वरच्या पायऱ्यांकडे बघत राहिले, आणि काकूंनी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

काकू म्हणाल्या, मास्तरांना विचारते. काका म्हणाले, खबरदार. त्यावर बांधापलीकडून कुणीतरी खाकरलं. मास्तर तिथेच होते, झबलं हातात घेऊन, आणि त्यांनी सगळं पाहिलं होतं.

ते बांधावरून उतरून आले, काकांच्या पुढ्यात उभे राहिले आणि काकूंकडे बघून बोलू लागले.

"ताई, यांना सांगा, ते लोखंड काढा. आणि देठाजवळच्या पेराला जी मुळं जमिनीत गेलीत, ती सुरीने तोडा. वेल वर उचलली पाहिजे."

"हिला सांगायला सांग," काका जमिनीकडे बघत म्हणाले, "की एवढा जाड देठ बांधल्याने फाटत नसतो."

काकूंना कुणी कुणाला काय सांगायचं ते क्षणभर कळेना. मास्तरांनी वाट पाहिली नाही.

"जाड आहे म्हणूनच फाटला. बारीक असता तर वाकला असता. ताई, वाढत्या अंगाला कपडा अंगाबरोबर शिवत नाहीत. माया सोडावी लागते शिलाईत, म्हणजे उद्या उसवून मोठा करता येतो."

"त्यांना म्हणावं, हा भोपळा आहे. कोट नाही."

"कोटाचंही हेच झालं होतं," मास्तर म्हणाले, आणि बांध चढून निघून गेले.

काकू भाजी खुडायच्या निमित्ताने मुद्दाम वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, पाठ करून बसल्या आणि खुडायला काही उरलं नव्हतं तरी खुडत राहिल्या. आपल्या नवऱ्याला हार मानायला आडोसा लागतो, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच समजलं होतं. पाठीमागे पाना फिरल्याचा आवाज झाला. एक क्लॅम्प सुटला, दुसरा सुटला. चौथा सुटला तशी वेल आपण होऊन चार बोटं वर आली, कुणी न उचलता. काकांनी ती येताना पाहिली. इतके दिवस आपण हिला दाबून धरलं होतं, हे त्यांना त्या चार बोटांत दिसलं, आणि त्यांना त्या मुक्या वेलीपुढे लाज वाटली. टेप सोडून त्यांनी भेग पुसली, कोरडी केली, सुरीने मुळं तोडली, आणि उचललेल्या वेलीखाली टेकू म्हणून आपलाच एक जुना शर्ट घडी करून ठेवला.

भेग सुकली. भोपळा मेला नाही. पण त्या आठवड्याने त्याचा धीर खचला म्हणा किंवा काय, तो पुढे वाढला तो आपला बेताबेताने. बांधापलीकडे झबल्याची शिलाई उसवतच होती.

स्पर्धेच्या दिवशी फाटकात भंगारवाल्याचा मोठा वजनकाटा येऊन बसला. ताडपत्रीत भोपळा घालून आठ-आठ माणसं एकेक भोपळा उचलत आणि काट्यावर ठेवत. काकांचा भोपळा आला तेव्हा लोकांनी त्याच्या देठाकडे बघून आ वासला. भेगेच्या दोन्ही बाजूंनी तो आणखीच सुजून मनगटाहून जाड झाला होता. कुणीतरी म्हणालं, देठ असावा तर असा. काका कसनुसं हसले. वजन भरलं एकशे बारा किलो. तोवरचा पहिला.

मग मास्तरांचा आला. झबल्यासकट. मास्तरांनी नाडी ओढून झबलं उतरवलं, तेव्हा आतून निघालेला भोपळा गोल नव्हता, देखणा तर नव्हताच. एका अंगाला कलून आरामात पहुडला होता, आणि त्याच्या डोक्यावर तो बोटाएवढा देठ लांब शेपटीसारखा वळलेला. काट्याचा आकडा हलला, थांबला, पुन्हा हलला. एकशे अठ्ठावीस.

काकांच्या भ्रमाचा भोपळा तिथे सर्वांदेखत फुटला. पण त्यांना देठाचं दुःख करायलाही सवड नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त त्या पायऱ्या होत्या. नळाजवळचा वाफा कोण सोडेल? मास्तर तो घेणार, उरलेल्यांतले सगळे चढावरचे, आणि आपण उद्यापासून घरात बसून नळ आवळणार. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. काकूंनी त्यांचा दुसरा हात धरला, तोही तितकाच घट्ट.

अध्यक्षबाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, मास्तर, निवडा.

मास्तरांनी चष्मा पुसला. सगळ्या बागेवरून एकदा नजर फिरवली, कापडाचं ठाण बघावं तशी. मग वर हात केला.

"मला तो टोकाचा."

सगळ्यात वरचा. जिथे झारी पोचेपर्यंत अर्धं पाणी माणसाच्या पायांवर सांडतं तो. लोक एकमेकांकडे बघायला लागले. बाईंनी पुन्हा विचारलं, नक्की ना? मास्तर म्हणाले, नक्की. वर ऊन चांगलं लागतं. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाले, "खालचा वाफा नको रे बाबा. कायम ओला. प्लंबरने सांभाळलेला ना, गळणारच."

बाग खदखदून हसली. काकांचा पारा असा चढला की आपल्याला हवं ते आपल्या पदरात पडलंय, हे त्यांच्या डोक्यात शिरेचना. दुसरा नंबर त्यांचा होता. बाईंनी विचारलं तेव्हा ते नळाजवळचा असं कसंबसं म्हणाले, आणि लोक पांगायला लागताच काकूंकडे वळले. चाळीस वर्षांत माझ्या हाताखालचा एक जोड गळला असेल तर दाखव म्हणावं, ओला म्हणतो, जळतो माझ्यावर, असं बरंच काही ते बोलले. काकूंनी सगळं बोलू दिलं. मग बहिणीने नुकतीच आणून दिलेली पिशवी त्यांच्या हातात ठेवली. दुरुस्तीला दिलेली पँट होती.

"उघडून बघा," त्या म्हणाल्या.

काकांनी पँट उलगडली. उजवा पाय जसाच्या तसा. डाव्या पायाची खालची दुमड मात्र उसवून नव्याने घातलेली, आणि आतून मागच्या बाजूला जाड कापडाची एक पट्टी बसवलेली, जमिनीला घासलं तरी झिजू नये म्हणून. टाके इतके बारीक की बोटाला लागत नव्हते. काकांनी घरी जाऊन कपाट उघडलं आणि बाकीच्या पँटी काढल्या. प्रत्येकीच्या डाव्या पायाला ती पट्टी होती. सगळ्यात जुनी, विटलेली पट्टी तर बैठकीतल्या त्या ठरावाच्याही आधीची असावी. ओढत चालणाऱ्या पायाची पँट कुठे झिजते, हे शिवणाऱ्याला कळल्याशिवाय कसं राहील?

"मी शपथ मोडली नाही," काकू दारातून म्हणाल्या. "पँटींना कुणी शपथ घातली नव्हती."

काका त्या पँटींच्या ढिगाशेजारी पलंगावर बसले आणि त्यांचे डोळे भरून आले. साडू इतके दिवस ओळखून होता आणि तोंडातून शब्द काढला नव्हता. आज काढला तो टोमणा. आणि तो टोमणाही कसा, तर कुणाला दया वाटू नये म्हणून मापात बेतलेला. तो ओल्या वाफ्याचा टोमणा काकांना आता आयुष्यभर कुणावर उलटवता येणार नव्हता, आणि उलटवायचाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आपली फावडी-झाऱ्या घेऊन बागेत आले, तेव्हा काका आधीच नळाशी खुर्ची टाकून बसले होते. नळाला एक फाटा काढलेला होता आणि त्याच्याशेजारी बारीक काळ्या नळीचं मोठं वेटोळं. काकूंनी आणि त्यांच्या बहिणीने सवयीने दोघांच्या मध्ये जागा घेतली.

"मास्तर," काका म्हणाले.

दोघी बहिणी एकदम थांबल्या. मास्तरही थांबले. कोटाच्या त्या लग्नानंतर ही हाक आज पहिल्यांदाच आली होती.

"हे टोक घ्या आणि वर चला. वाटेत कुठे ओढून धरू नका. ऊन-थंडीने नळी आखडते, पसरते. जरा सैल सोडत चला."

मास्तरांनी नळीचं टोक हातात घेतलं. दोन बोटांत धरून तिची जाडी पाहिली, मग चष्म्यावरून काकांकडे पाहिलं. काकांना ठाऊक होतं आता काय येणार, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

"एवढी बारीक?"

"पुरते," काका म्हणाले.

मास्तरांनी टोक खांद्यावर घेतलं. ते पायऱ्या चढत गेले आणि नळी त्यांच्यामागून उलगडत, वळणावळणावर सैल पडत गेली. काकांनी खालून नळ सोडला. वरून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. हवा असेल, काका पुटपुटले, येईल. ते खुर्चीतून उठले, डाव्या पायाची पट्टी जमिनीवरून घासत दोन पावलं पुढे गेले आणि तोंडाशी हात धरून ओरडले, "आलं का?"

काकू सवयीने वर निरोप द्यायला वळल्या होत्या. तेवढ्यात वरून मास्तरांचं उत्तर आलं, थेट.

"आलं. चहा टाकायला सांगा, उतरतोय."

काकांनी काकूंकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच नळ बंद केला आणि चहा टाकायला स्वतःच घराकडे निघाले.